न मागता बांधलेला पूल

एका राज्यात राजाकडे खजिन्याची किल्लीच नव्हती. हसू नका, तिथली रीतच तशी होती. दरवर्षी राजानं सिंहासनावरून उतरावं, सभेपुढे साध्या पाटावर बसावं, यंदा काय बांधणार ते सांगावं आणि त्यासाठी खर्च मागावा. आठ खोऱ्यांचे आठ पंच विचार करीत, सभानायिका त्यांचा कौल घेई, आणि खांबावरची साळुंकी ओरडे, "दिलं!" किंवा "नाही दिलं!" "दिलं" झालं तरच खजिन्याचं दार उघडे.

राजा सुकेतू कष्टाळू होता. उन्हातान्हात उभा राहून कालवे खणून घेई. पण सभानायिका होती त्याची धाकटी बहीण मंदारवती, आणि कालव्याला पाणी आलं की बाया घागर भरताना म्हणत, "मंदारवतीबाईंनी दिलं हो!" राजाचा जळफळाट होई. घाम आपला आणि नाव हिचं! ती पाळण्यात असताना सारा राजवाडा तिच्याभोवती गोळा होई, तेव्हापासूनचं ते दुखणं.

एके वर्षी त्यानं नदीवर पूल मागितला, थेट राजवाड्याच्या दारापुढे. साळुंकी ओरडली, "नाही दिलं!" राजा तडक अरण्यात गेला. तिथे कर्दम नावाचा मांत्रिक राहत असे.

"काय हवं?" मांत्रिकानं विचारलं.

"न मागता मिळणारं धन."

मांत्रिकानं तांब्याचा लहानसा गडू त्याच्या हाती ठेवला. "हा कमरेला बांध. तू जितका जळशील, तितका हा भरेल. मात्र या धनातून जे उभं राहील, ते तुझ्या एकट्याचं असेल."

एवढंच ना, असं राजाला वाटलं. वाटेत त्याला बहिणीची आठवण झाली आणि नगरात शिरेपर्यंत गडू सोन्याच्या नाण्यांनी काठोकाठ भरला.

त्या सोन्यातून राजानं तीन कामं केली. नगराच्या वर धरण बांधलं, टेकडीवर धान्याचं कोठार बांधलं आणि राजवाड्यापुढे लाकडी पूल घातला. पण राजानं पाठ फिरवली की धरणाचे दगड सैल होत, कोठाराचं छप्पर वाकू लागे, पूल डुगडुगे. राजा जवळ उभा असला की सगळं पुन्हा भक्कम. मग काय, राजा सकाळी धरणावर, दुपारी कोठारात, संध्याकाळी पुलावर! राज्यकारभार पाहायला वेळ कुठला? फिर्यादी दारात ताटकळत. "मंदारवतीबाईंना विचारून केलं असतं तर..." असं कुणीतरी पुटपुटे आणि गडूत नाणं वाजे.

पुढच्या सभेच्या दिवशी डोंगरात ढगफुटी झाली. राजा धरणावर धावला. एवढ्यात साळुंकी आली.

"राजा, पुलाच्या दोन्ही टोकांच्या फळ्या निखळल्या. सभेला येणारी मंदारवती आणि आठही पंच मधोमध अडकलेत."

"मी इथून हललो तर नगर बुडेल."

"न हललास तर बहीण बुडेल."

आणि खरं सांगायचं तर राजाच्या मनात येऊन गेलं, पडू दे पूल. मग घागरी भरताना कुणाचं नाव घेतील? त्याबरोबर नाणी खणखणा वाजत गडूतून उतू जाऊ लागली. तो आवाज ऐकून राजाला स्वतःचीच शिसारी आली.

"साळुंके, यातून सुटका कशी?"

"न मागता बांधलंस, ते आता माग."

पाट नव्हता. राजा चिखलातच बसला. "सभेला सांग, हे धरण मी न विचारता बांधलं. ते मान्य व्हावं."

साळुंकी उडाली. हलत्या पुलावर कठडा धरून मंदारवतीनं कौल घेतला. "दिलं!" साळुंकी लांबूनच ओरडत आली आणि राजाच्या पायाखालचे दगड आपोआप घट्ट बसले. राजा उठला आणि धापा टाकत धावला. पुलाच्या टोकावर त्याचा पाय पडताच निखळलेल्या फळ्या जागच्या जागी आल्या. सगळे काठावर पोहोचले.

राजा पुन्हा खाली बसला, एक पाय अजून पुलावर. "टेकडीवरचं कोठार?"

पंचांनी हात वर केले. "दिलं!"

"आणि हा पूल?"

एकही हात वर झाला नाही. चिंब भिजलेली मंदारवती म्हणाली, "नाही, महाराज. लोक नदी ओलांडतात ती खाली उतारापाशी, होडीनं. पूल तिथे हवा. इथून फक्त तुमचे पाहुणे येतील." मग हळूच म्हणाली, "रागावू नकोस, दादा."

"नाही दिलं!" साळुंकी ओरडली.

राजानं गडूकडे पाहिलं. मनात आणलं असतं तर त्या सोन्यावर पूल त्याच्यापुरता उभा राहिला असता.

"सभेचं म्हणणं मान्य," तो म्हणाला, आणि त्यानं पाय उचलला.

पूल नदीत कोसळला. गडू तडकला, सोन्याची राख होऊन उडून गेली. त्या धनाचा शाप संपला.

त्यानंतर राजा पाटावर बसून मागू लागला, सभा कधी देऊ लागली, कधी नाकारू लागली, फिर्यादींना वेळेवर न्याय मिळू लागला. वर्षभरात उतारापाशी नवा पूल झाला. पहिली बाई डोक्यावर टोपली घेऊन पलीकडे गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "मंदारवतीबाईंनी दिला हो पूल!"

राजाला थोडं झोंबलंच. सवयीनं त्याचा हात कमरेकडे गेला. तिथे गडू नव्हता, म्हणून बरं. नाहीतर एक नाणं नक्की वाजलं असतं.