काळ्या ओढ्यावरचा पूल

"सोमवारी सकाळी राजेसाहेब काळ्या ओढ्यावरच्या नव्या पुलावरून चालत जाणार!"

हा खलिता वाचला आणि खडकपेठेचे नगराध्यक्ष अण्णासाहेब टोणपे मटकन खाली बसले. का म्हणून काय विचारता? ओढ्यावर पूलच नव्हता! पूल होता तो अण्णासाहेबांनी दरबारात धाडलेल्या अहवालात, तीन कमानी आणि दगडी कठड्यासकट.

अण्णासाहेबांना एकच काम मनापासून आवडायचं, भूमिपूजन! नारळ फोडायचा, स्वतःच्या नावाची कोनशिला बसवायची, गळ्यात हार घालून घ्यायचा आणि घरी जाऊन जेवायचं. इमारतीचं पुढं काय झालं, हे विचारणं गावात उद्धटपणाचं समजत.

त्यांनी सटवाजी पाथरवटाला बोलावणं धाडलं. गावातली प्रत्येक कोनशिला त्याच्याच छिन्नीची. पण सटवाजी तापानं फणफणला होता, म्हणून त्याची मुलगी धुरपा आली.

"धुरपे, सोमवारपर्यंत ओढ्यावर पूल पाहिजे!"

"चार दिवसांत? अण्णासाहेब, चार दिवसांत आमच्यात लग्नसुद्धा ठरत नाही!"

"तोंड आवर! पुलाच्या कागदावर तुझ्या बापाचा अंगठा आहे. पूल दिसला नाही, तर सगळा दगड सटवाजीनं विकून खाल्ला, असं राजेसाहेबांना सांगेन. मग बाप तुरुंगात आणि तू गावाबाहेर!"

सटवाजीला वाचता येत नव्हतं; अक्षरं तो समोरच्या नमुन्यावरून नुसती गिरवून कोरायचा. कोनशिलेच्या कामाचा कागद म्हणून सांगून अण्णासाहेबांनी त्याचा अंगठा पुलाच्या कागदावर उमटवून घेतला होता. पण पोरगी खमकी! डोळ्यांतलं पाणी तिनं तिथल्या तिथं आवरलं.

"बरं, पण दगड कुठनं आणू?"

"गावात नगरपालिकेचा जो दगड बिनकामाचा पडलेला दिसेल, तो उचल!"

"तेवढं लिहून द्या की. शिक्का मारून."

अण्णासाहेबांनी घाईघाईत दोन ओळी खरडल्या आणि शिक्का हाणला. त्यांना वेळ होता कुठं? स्वागताच्या कमानीवर आपलं नाव राजेसाहेबांच्या नावापेक्षा किती बोटं लहान असावं, या अवघड प्रश्नातून त्यांनी चार दिवस डोकं वर काढलं नाही. इकडं अख्खी पाथरवट वस्ती पहारी घेऊन धुरपाच्या मागं निघाली.

सोमवारी वाजतगाजत मंडळी ओढ्यावर आली. पाहतात तो काय, या काठापासून त्या काठापर्यंत, पाण्याच्या वर वीतभर, ओळीनं बसवलेले तेवीस दगड! राजेसाहेबांनी पहिल्या दगडावर पाय ठेवला आणि वाकून वाचलं.

"'मुलींची शाळा. शुभहस्ते, नगराध्यक्ष अण्णासाहेब टोणपे.' कुठं आहे ही शाळा?"

"तुमच्या पायाखाली, महाराज!" वाट दाखवायला पुढच्या दगडावर उभी असलेली धुरपा म्हणाली. "लवकर पुढं चला, ही शाळा जरा डुगडुगते."

"आणि हा 'सार्वजनिक दवाखाना'?"

"इथं जपून! दवाखाना फार जुना आहे, शेवाळ धरलंय."

राजेसाहेबांच्या मिशा थरथरू लागल्या. "अगं पोरी, पण माणसाच्या नावावर पाय कसा देऊ?"

"खुशाल द्या! माझ्या बानं ते नाव सगळ्यात खोल कोरलंय. पाय मुळीच घसरायचा नाही!"

आता मात्र अण्णासाहेबांना राहवेना. काठावरून ते ओरडले, "महाराज, या पोरीनं गावच्या कोनशिला उपटल्या!"

धुरपानं कमरेचा कागद काढून राजेसाहेबांच्या हातात दिला. "बिनकामाचा दगड उचल, हा यांचाच हुकूम. आणि अण्णासाहेब, वर इमारती उभ्या असत्या, तर यातला एक तरी दगड मला हलला असता का?"

अण्णासाहेब हळूच गर्दीत मागं सरकले. राजेसाहेब मात्र बाजारपेठ, वाचनालय, धर्मशाळा असं एकेक वाचत, खो खो हसत निघाले. पलीकडच्या काठाशी शेवटचा दगड होता. त्यावर लिहिलं होतं, 'काळ्या ओढ्यावरील पूल'.

"हा मी नाही हलवला, महाराज," धुरपा म्हणाली. "हा एवढाच काय तो आधीपासून इथं होता!"

राजेसाहेबांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं. सटवाजीच्या अंगठ्याची हकिगत तिच्याकडून ऐकली आणि तो कागद मागवून तिथंच टराटरा फाडला. मग काठावर वळून गरजले, "टोणपे, वर्षाच्या आत या प्रत्येक दगडावरची इमारत उभी राहील, आणि ती तुमच्या पदरच्या खर्चानं! पोरी, तुला आणखी काय हवं?"

"खरा पूल, महाराज."

"मंजूर! बोल, कोनशिला कधी बसवू?"

"तेवीस बसवून झाल्यात, महाराज!" धुरपानं हात जोडले. "आता नुसता पूल बांधा!"

राजेसाहेब एवढे हसले, एवढे हसले, की त्यांचं पागोटं ओढ्यात पडलं. ते धरायला अण्णासाहेब टोणपे गुडघाभर पाण्यात धावले.