दुकानं वाढवा!

ही आमची पेठ. दुकानं सात, पाट्या सात, पण मधल्या प्रत्येक भिंतीला माणूस वाकून जाईल एवढं भगदाड. ही पडझड नव्हे, भगदाडं मुद्दाम पाडलेली आहेत. बुजवायची नाहीत, असा इथला दंडक आहे.

फार पूर्वी, असं सांगतात, या घाटात मीठ यायचं ते एकट्या रघोजी अडत्याच्या बैलांवरून. मोठा वस्ताद! एका दुकानात सांगायचा, "शेजाऱ्यानं दुप्पट मागवलंय, तू मागं राहशील." शेजाऱ्याकडं जाऊन पुन्हा तेच. मग सगळे ईर्ष्येनं गोण्या रचायचे. आपल्याकडं माल किती, हे शेजाऱ्याला कळू द्यायचं नाही, असले शहाणे आमचेच पूर्वज! पावसात घाट बंद झाला की एकाकडं मिठाचं पाणी व्हायचं, दुसऱ्याकडं चिमूटभर नसायचं. वाड्यावस्त्या अळणी खायच्या.

ओढ्याकाठचं दुकान म्हाळसाबाईचं. नवऱ्यामागं एकटीनं चालवलेलं. पण तिथं ओल फार. दोन पावसाळे तिचं मीठ विरघळलं. आणखी एकदा तसं झालं असतं तर दुकान हातचं गेलं असतं. शेजारी नागू भडभुंज्याची भट्टी, म्हणून त्याची जागा बारमाही कोरडी. म्हाळसाबाईनं सगळ्या दुकानदारांना बोलावलं. म्हणाली, "मीठ सगळ्यांचं नागूभाऊकडं ठेवू, तेल माझ्याकडं गारव्याला. मागवायचं ते एका तोंडानं. गिऱ्हाईक कुणाच्याबी दारात येऊ दे, रित्या हातानं जायला नको."

हे रघोजीच्या कानावर गेलं. भर पेठेत येऊन तो कडाडला. आता 'बंद' हा शब्द अशुभ. दुकान बंद करायचं तर 'वाढवा' म्हणायचं, ही व्यापाऱ्याची रीत. रागातही ती त्यानं पाळली, आणि तिथंच फसला. "माझ्याशी वैर? खडाभर मीठ मिळायचं नाही. दुकानं वाढवा!"

"वाढवते की!" म्हाळसाबाई म्हणाली. पहार उचलली आणि नागूच्या भिंतीला घातली. ते पाहून नागूनं पलीकडची भिंत धरली. उन्हं कलेपर्यंत सगळ्यांचं मिळून एक दुकान झालं. एवढ्या भिंती फोडल्या, पण आढं म्हणे केसभरही खचलं नाही.

मृगाचे ढग घाटमाथ्यावर टेकले, तेव्हा मीठ दुसरीकडं खपेना म्हणून रघोजीचेच लादलेले बैल पेठेत उभे होते. तो दारोदार फिरला. प्रत्येक दारात एकच उत्तर, "आमचं दुकान एकच हाय. लागतं तेवढंच घेऊ." गोण्या भिजायला लागल्या. शेवटी त्यानं आपल्याच खांद्यावरून मीठ नागूच्या दुकानात नेऊन ठेवलं. म्हाळसाबाईचं दुकान राहिलं, आणि त्या पावसाळ्यात कुणी अळणी खाल्लं नाही.

आजही इथं नवं दुकान निघालं की पूजा नंतर, आधी शेजारच्या भिंतीला पहार लागते. संध्याकाळी आम्ही दुकान 'वाढवत' नाही, 'निजवतो'. मागं शहरातला एक बडा वितरक येऊन म्हणाला, "असल्या दुकानांचे दिवस गेले, वाढवा आता." म्हाळसाबाईच्या जागेवर तिची खापरपणती इंदू बसते. तिनं कोपऱ्यातली पहार हातात घेतली आणि विचारलं, "कुठल्या बाजूनं?"