विधी मिळेपर्यंत

"मग सोमवारी दाखला काढू ना, माताजी? शाळा बंद! घरीच शिकवते मी तिला."

त्रिशला मगदूमनं हे विचारलं, तेव्हा तिच्या हातात चार रंगांत आखलेलं वेळापत्रक होतं आणि पर्समध्ये दाखल्याचा अर्ज. उत्तर काय यायला हवं, तेही तिनं ठरवून आणलं होतं.

माताजी म्हणजे चातुर्मासाला गावात आलेल्या जैन साध्वी, आर्यिका. बस्तीच्या, म्हणजे देवळाच्या, ओवरीत त्या बसल्या होत्या. अंगावर पांढरं लुगडं. शेजारी मोरपिसांची पिच्छी, बसण्याआधी जमिनीवरचे किडे-मुंग्या अलगद बाजूला सारायला.

त्रिशलाची आर्जवी आठ वर्षांची. तिला ऑटिझम आहे. ती बोलत नाही, एकच सूर लावून गुणगुणते. आत्ताही ती चटईवरून फरशीवर सरकत होती आणि त्रिशला तिला दंडाला धरून परत चटईवर घेत होती. हे करताना त्रिशलाचं एकही वाक्य तुटलं नाही. शिक्षकांना ते जमतं.

"शाळेत काय होतं?" माताजींनी विचारलं.

"घंटा झाली की कान झाकून वर्गाबाहेर. वर्गाच्या बाई म्हणतात, सोबतीला माणूस द्या, नाहीतर घरी ठेवा. म्हटलं, घरीच ठेवते! तालुक्याची आदर्श शिक्षिका आहे मी, माताजी. दरवर्षी चाळीस पोरं हाताखालून जातात. ही एक जड आहे होय मला? बिनपगारी रजा टाकते."

"वाच बरं ते."

त्रिशला सरसावून बसली. "आठ ते नऊ चित्रं. नऊ ते दहा बोलणं. 'पाणी' म्हटलं तरच पाणी. 'पोळी' म्हटलं तरच पोळी. बघाच तुम्ही, दिवाळीपर्यंत बोलते की नाही!"

"आणि नाही म्हटलं तर?"

"म्हणेल की! तहान लागल्यावर जाते कुठं?"

माताजी आर्जवीकडे बघत राहिल्या. ती पुन्हा फरशीवर पोचली होती...

"उद्या माझा आहार झाला की ये. मग सांगते."

त्रिशला उड्या मारतच घरी आली. आहार काय, उद्या सकाळी दहाला होईल!

पण ते तितकं सोपं नसतं. आर्यिका दिवसातून एकदाच अन्नपाणी घेतात, आणि तेही मनात एखादी अट धरून. दारात दोन नारळ घेतलेलं जोडपं दिसलं तर थांबायचं. किंवा पिवळं लुगडं नेसलेली बाई. किंवा आणखी काही. ही अट म्हणजे विधी. तो कुणाला सांगायचा नसतो. गल्लीतली घरं सोवळ्यानं स्वयंपाक करतात, त्याला चौका लावणं म्हणतात, आणि मग हातात कळस घेऊन अंदाजानं दारात उभी राहतात. विधी जुळला तर माताजी त्या दारी थांबतात. नाही जुळला तर माघारी. पाण्याचा घोटसुद्धा नाही.

गल्लीला यासारखी मजा दुसरी नव्हती, आणि त्या खेळात त्रिशलाचा हात कुणी धरत नसे. मागच्या चातुर्मासात सात वेळा विधी तिच्याच दारात मिळाला होता. हा आकडा ती न विचारता सांगे.

शुक्रवारी ती नारळ आणि केळी घेऊन उभी राहिली. आर्जवीनं मध्येच किंचाळू नये म्हणून तिला मोबाइल देऊन आतल्या खोलीत बसवलं होतं.

"माताजी, वंदामि, वंदामि! अत्र तिष्ठ, अत्र तिष्ठ!" सगळी गल्ली एका सुरात विनवत होती, इथं थांबा.

माताजी खाली मान घालून आल्या, तशाच टोकापर्यंत गेल्या, आणि परतल्या.

"काय असेल गं?" समोरच्या आक्काताई उपाध्येंनी विचारलं.

"उद्या बघा!" त्रिशला म्हणाली. तिनं वही काढली होती.

शनिवारी तिनं नवरा अभयला फेटा बांधून उभा केला. हातात ऊस दिला.

"अगं, माझं लग्न लावतेस का परत?"

"गप उभे राहा हो! जोडीचा विधी असेल."

जोडीचा नव्हता. माताजी परतल्या. आज पावलं हळू पडत होती.

दुपारी त्रिशला आर्जवीला घेऊन बस्तीत गेली. माताजींचे ओठ सुकले होते.

"माताजी, निदान एक अक्षर... फळ आहे की फूल?"

माताजी नुसत्या हसल्या. त्यांची नजर आर्जवीवर होती. चटई, फरशी, पुन्हा चटई...

त्या संध्याकाळी त्रिशलाला घास उतरला नाही. सोमवार आणि दाखला, दोन्ही ती विसरून गेली होती. दोन दिवस पाणी नाही म्हणजे काय!

रविवारी गल्ली नुसती उसळली होती. कुणी आंब्याचे डहाळे बांधले, कुणी पाच सवाष्णी उभ्या केल्या. त्रिशलानं वहीतलं उरलंसुरलं सगळं दारात मांडलं. तिचं दार म्हणजे बाजार झाला होता.

माताजी आल्या. त्रिशलाच्या दारापाशी पाऊल मंदावलं... आणि पुढं गेलं.

आक्काताईंच्या दारात त्या थांबल्या.

"मिळाला! विधी मिळाला!" गल्ली एकदम ओरडली. आक्काताईंना काही सुचेना. कळस हातात, तोंड उघडं, अत्र तिष्ठ म्हणायचंही राहून गेलं. त्यांच्याजवळ एक लिंबू होतं आणि कडेवर नातू होता. त्यातलं जुळलं काय, कुणाला कळलं नाही.

त्रिशलानं आपल्या दारातल्या बाजाराकडे पाहिलं. क्षणभरच. मग तीही पाय धुऊन आत धावली. माताजींच्या ओंजळीत पाण्याची पहिली धार पडली, तेव्हा तिच्या डोळ्यांतही पाणी होतं.

दुपारी ओवरीत ती आर्जवीला घेऊन बसली.

"चुकलं कुठं माझं, माताजी?"

"कुठंच नाही. किती गोष्टी धरून बघितल्यास तीन दिवसांत?"

"एकवीस. वहीत आहेत."

"राग आला माझा?"

"छे! राग कसला?"

"आणि आजही मिळाला नसता तर?"

"उद्या बाविसावी धरली असती!"

"मी नुसतं 'पाणी' म्हटलं असतं, तर पहिल्याच दिवशी काम झालं असतं."

"अहो, पण तुम्ही कशाला म्हणाल? ओळखायचं तर आम्ही ना! तहानलेल्या माणसाला आपणच..."

बोलताबोलता तिचा हात सवयीनं आर्जवीच्या दंडाकडे गेला होता. पोरगी चटईच्या काठावर पोचली होती. तो हात तसाच हवेत राहिला.

माताजी उठल्या. आर्जवीखालची चटई त्यांनी हळूच ओढून गुंडाळली. मग पिच्छी घेतली आणि उघडी फरशी झाडली, एखाद्या साध्वीला आसन द्यावं तशी सावकाश.

आर्जवी त्या गार फरशीवर बसली. मांडी घालून. हलली नाही.

"चटई टोचत होती तिला," माताजी म्हणाल्या.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"चार दिवस सांगते आहे ती. मला आधी वाटलं, बाहेरचा उजेड लागतोय. मग वाटलं, माणसं नकोत. आज मिळालं."

त्रिशला लेकीकडे बघत राहिली. गुणगुणणं आज खालच्या सुरात होतं... हा सूर तिनं कधी ऐकलाच नव्हता.

तिनं पर्समधला अर्ज काढला. फाडावा की सही करावी, तिला समजेना.

"मग घर की शाळा, माताजी? उद्या सोमवार आहे."

माताजींनी पिच्छी मांडीवर घेतली.

"उद्या तिच्यासाठी चौका लाव. कुठं लावायचा, घरी की शाळेत, ते तिला विचार."