कपाटातला अहेर

उंबरगडच्या राजाचा कॉम्प्युटर सुरू व्हायचा म्हणजे सोहळाच! महाराजांनी बटण दाबायचं, अंघोळ-पूजा-न्याहारी उरकून यायचं, तरी पडद्यावर ते गोल चक्र आपलं फिरतंच आहे. एके दिवशी महाराजांचंही डोकं फिरलं.

"दरबारात एवढी पिकली डोकी बसलीत! कुणाला काही सुचतंय का?"

सुचायला काय, सगळ्यांनाच सुचलं! खजिनदार म्हणाले, खोक्याला सोन्याचा मुलामा द्या. पुरोहित म्हणाले, ग्रहशांती करून घ्या. आणि प्रधान दादाजीपंत, ज्यांनी जन्मात कॉम्प्युटरचं बटण दाबलं नव्हतं, ते घसा खाकरून म्हणाले, "महाराज, आमच्या काळी यंत्रं सावकाशच चालायची. म्हणून तर टिकायची!"

सगळ्या म्हाताऱ्यांनी लगेच माना डोलावल्या. त्या कामात कुणाचा वेग कमी पडला नाही.

एवढ्यात पहारेकऱ्यानं तोंड उघडलं. "महाराज, कल्हईवाल्याच्या हौसाचा कॉम्प्युटर चुटकीसरशी उघडतो. आपल्याच राजवाड्यातनं भंगारात टाकलेले भाग जोडून केलाय तिनं!"

झालं! राजाचा रांगतो आणि कल्हईवालीचा पळतो? ताबडतोब बोलावणं गेलं.

हौसाला गुरुजींनी "फार प्रश्न विचारते" म्हणून वर्गाबाहेर उभं केलं होतं. ती बाहेर आली ती परत आत गेलीच नाही. आता तो भंगाराचा कॉम्प्युटर हीच तिची शाळा. निदान तो तरी प्रश्न विचारला म्हणून डाफरत नसे.

राजवाड्याच्या दारात शिपायानं तिच्यापुढं गूळपाणी धरलं. दादाजीपंतांचं नाक वाकडं झालं. "हिला कशाला?"

महाराजांनी मिशीला पीळ भरला. "पंत, उंबरगडची रीत विसरलात? जो आमचं गूळपाणी प्याला तो पाहुणा, मग तो कुणीही असो! आणि पाहुण्यानं मागितलं तर आम्ही कपाट उघडून देतो!"

हौसा गूळपाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्याली.

मग महाराजांनी तिच्यापुढं एक रुपया टाकला. "एवढ्यात माझा कॉम्प्युटर तुझ्या कॉम्प्युटरच्या आधी उघडला पाहिजे."

"एका रुपयात? महाराज, तुमच्या अंगरख्याचं एक बटण तरी येतं का?"

"तोंड आवर! जमलं नाही तर तुझा कॉम्प्युटर सरकारजमा!"

हौसानं रुपया उचलला. गुरुजींची शाळा सुटली तेव्हा तिला काही वाटलं नव्हतं. ही शाळा गेली तर मात्र दुसरी मिळणार नव्हती. मागं म्हातारी मंडळी खुसखुसत होती. त्यांचं काय जात होतं!

तिनं यंत्रावरची विणकामाची झालर काढली, झेंडूच्या वाळक्या माळा काढल्या आणि खोकं उघडलं. आत पंख्याच्या पात्यांवर हळदकुंकवाचा थर, कोपऱ्यात अक्षतांचा ढीग! दर खंडेनवमीला पुरोहितबुवांनी यंत्र पुजलं होतं. पुसलं मात्र कधीच नव्हतं.

"बुवा, यात पाणी घातलं असतंत तर साखरभात झाला असता की!"

"आगाऊ कार्टी," बुवा पुटपुटले.

रुपयाचा तिनं रंगाऱ्याकडून एक कुंचला आणला आणि सगळं झाडून काढलं. यंत्राची धाप थांबली. पण रांगणारं बाळ फार तर उभं राहिलं. पळायचं तर जास्तीची रॅम हवी, नवी डिस्क हवी. आणि रुपया तर संपला!

तेवढ्यात तिची नजर दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटावर गेली. कधीही चहा न पाहिलेल्या कपबश्यांशेजारी, वेष्टनासकट, चक्क नवी रॅम आणि नवी डिस्क!

"पंत, हे काय?"

"याच यंत्रासाठी आणलंय. चांगलं महागाचं!" पंतांची छाती फुगली. "म्हणून तर जपून ठेवलंय. पाहुण्यांसाठी!"

"पाहुणे रॅम चहात बुडवून खाणार काय?"

"पाहुणे आल्यावर बघू! तू हात लावायचा नाहीस."

हौसा तडक आतल्या दालनाकडे वळली. कपाटाची किल्ली राणीसाहेबांच्या कमरेला असायची. ती त्यांच्याकडे गेली, कानात काहीतरी कुजबुजली. राणीसाहेब पदर तोंडाला लावून हसल्या आणि किल्ली काढून दिली.

संध्याकाळी दरबारात दोन्ही कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडले. दोन्ही बटणं एकदम दाबली. महाराज सवयीनं अंघोळीला उठले, तर पडदा लख्ख उजळलेला! शेजारी हौसाचा अजून आळोखेपिळोखे देत होता.

"वा!" महाराज ओरडले.

"दगाबाजी!" दादाजीपंत त्याहून मोठ्यानं ओरडले. "महाराज, कपाटातली रॅम गायब, डिस्क गायब! पाहुण्यांचं सामान चोरलं हिनं!"

महाराजांच्या भुवया चढल्या. "का गं?"

"चोरलं कुठं? मागून घेतलं. गूळपाणी प्याला तो पाहुणा, आणि पाहुण्यानं मागितलं तर कपाट उघडायचं. तुम्हीच म्हणालात!"

पंतांनी चिकाटी सोडली नाही. "बरं, पाहुणी तर पाहुणी! मग स्वतःसाठी घ्यायचं होतंस. महाराजांच्या यंत्रात कशाला कोंबलंस? काढ! कपाटात परत ठेव!"

"पंत, एवढ्या मोठ्या घरी रिकाम्या हातानं यायला मला लाज वाटली. म्हणून जे मिळालं त्याचा महाराजांनाच अहेर केला. उंबरगडात पाहुण्याचा अहेर परत करतात का?"

पंतांचं तोंड उघडलं, आणि तसंच अडकून राहिलं. महाराजांनी त्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. "पंतांचंही ते गोल चक्र फिरायला लागलं की गं!" ते सिंहासनावरच आडवे झाले. पडद्यामागून राणीसाहेबांचं हसू ऐकू आलं.

"हौसा, तुझा कॉम्प्युटर तुझाच! आणि कपाटाची किल्लीही आजपासून तुझी. त्यात आणखी जे जे जपून ठेवलं असेल, ते घरी ने आणि वापर!"

हौसानं किल्ली कमरेला खोचली. मग तो रुपयाचा कुंचला उचलून दादाजीपंतांच्या हातात दिला.

"आणि हा, पंत, तुम्हाला. खंडेनवमी जवळ आलीय, यंदा आधी पुसा!"