चांदणमाईच्या तिसऱ्या पानाची कहाणी

ऐका चांदणमाई, तुमची कहाणी. बायांनो, मुठीत तांदूळ घ्या, पोरींना जवळ बसवा आणि ऐका.

खाडीच्या तोंडाशी एक आटपाट नगर वसलं होतं. तिथला राजा भला, त्याची राणी हंसावळी. घरात सगळं होतं, पाळणा तेवढा रिकामा होता. राणीनं देव केले, धर्म केले, नवससायास केले. गुण येईना.

एके दिवशी तिच्या दारी तिघीजणी आल्या. एक परकरी पोर, एक लेकुरवाळी, एक काठी टेकत चालणारी म्हातारी. राणीनं पाय धुवायला पाणी दिलं, ओसरीवर बसवलं, विचारलं, बायांनो, तुम्ही कोण, कुठल्या? त्या म्हणाल्या, आम्ही चांदणमाईकडच्या. तुला दुःख आहे, तिचा वसा घे. राणी म्हणाली, तो कसा घ्यावा, कसा वसावा?

मग पोर म्हणाली, वर्षाला आठ वळणं असतात. दिवस लहानात लहान होतो, मोठ्यात मोठा होतो. दिवस-रात्र सारखे होतात, तेही दोनदा. आणि या चारांच्या मधोमध ऋतू कूस बदलतो, ती चार. त्या दिवशी अंगणात दिवा लावावा. चंद्र असला तर त्याला ओवाळावं, नसला तर मोकळ्या आभाळाला हात जोडावे.

मग लेकुरवाळी म्हणाली, तीन पानं वाढावी. पहिल्यावर कुमारिका बसवावी, तिला दूधपोहे द्यावे. दुसऱ्यावर लेकुरवाळी बसवावी, तिला पुरणावरणाचं वाढावं.

मग म्हातारी म्हणाली, तिसऱ्यावर म्हातारी बसवावी. तिला दात नसतात, मऊ भात कालवून द्यावा. तिघींच्या पाया पडावं. तिन्ही पानं सारखी मानावी, एकही उठवू नये. एवढं बोलून तिघी गेल्या.

राणीनं वसा घेतला. वर्ष फिरलं, आणि राणीला मुलगी झाली. सावळी तिचं नाव. सावळी रांगली, चालली, मोठी झाली. तिचं लग्न झालं, ती सासरी गेली, आणि पहिलटकरीण होऊन बाळंतपणाला माहेरी आली. राणीला आनंद मावेना. दुपट्यांना घाईघाईनं टाके घालताना तिच्या हातून सुया मोडत.

माघाचा महिना होता. थंडी सरत आली होती, आंबे मोहरले होते. वळणाचा दिवस आला, नेमकी त्याच दिवशी पौर्णिमा. संध्याकाळी राणीनं दिवा लावला, तीन पानं मांडली. पोर आली, दूधपोहे खाऊन गेली. लेकुरवाळी आली, जेवून तृप्त झाली. मग म्हातारी आली. कमरेत वाकलेली, डोईवर पांढरे केस भुरभुरताहेत. ती पानावर बसली नाही. म्हणाली, आधी तुझ्या लेकीच्या पोटावर हात ठेवते.

राणीनं तो हात पाहिला. भरल्या पोटावर हा सुकलेला हात? ती मध्ये उभी राहिली.

"आज नको, आजी. माझी लेक भरली आहे, तिच्यावर तुमची सावली नको."

तिनं तिसरं पान उचललं आणि दार लावून घेतलं. बाहेरून म्हातारी म्हणाली, बरं बाई, तुला भरलेलंच हवं, तर भरलेलंच घे. आणि काठी टेकत निघून गेली.

मग काय झालं? दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला चंद्र उगवला, तो पुरता. तिसऱ्या दिवशीही पुरता. चौथ्या दिवशीही पुरता. नगराला हर्ष झाला. पोरांनी अंगणं गाजवली, बायांनी खाडीकाठी झिम्मा धरला. जोशीबुवांनी पंचांग पाहिलं, आभाळ पाहिलं आणि पुन्हा पौर्णिमाच सांगितली. मग रोजच पौर्णिमा सांगू लागले. पोरांनी लाकडं जमवून ठेवली, पण शिमगा येईना.

मग एकेक अडू लागलं. विरजण लावावं तर दही लागेना. पीठ भिजवावं तर आंबेना. कोंबडी अंड्यांवर बसली, ती उठेना. सावळीचे दिवस भरले, भरून वर गेले, कळ म्हणून येईना. सुइणीनं पोट पाहिलं. म्हणाली, मूल हलतं आहे, जिवंत आहे, पण वाटेला लागत नाही. सावळीचे पाय सुजले. तिला बसवेना, निजवेना, श्वास पुरेना.

ती म्हणाली, "आई, माझ्यानं आता भरलेलं राहवत नाही. मला मोकळी कर."

तेव्हा राणीला उचललेलं पान आठवलं. तिनं पायात वहाणा घातल्या नाहीत, दासी बरोबर घेतली नाही. तशीच म्हातारीला शोधायला धावत निघाली.

वाटेत आंबराई लागली. माळीण झाडाखाली डोक्याला हात लावून बसली होती. म्हणाली, बाई, मोहोर गळत नाही, कैरी धरत नाही. कुणी ग हे केलं असेल? राणी मान खाली घालून पुढं गेली. पुढं गवळवाडा लागला. गवळण म्हणाली, बाई, गाय गाभण आहे, दिवस उलटले, विणार कशी? कुणी ग हे केलं असेल? राणीच्या डोळ्यांत पाणी आलं. पदरानं डोळे पुसून ती चालू लागली. पुढं खाडी लागली. भरतीचं पाणी कोळिणीच्या उंबऱ्याला लागलं होतं. कोळीण म्हणाली, ओहोटी होत नाही, चिखलातल्या तिसऱ्या-शिंपल्या काढू कुठून, पोरांना घालू काय? कुणी ग हे केलं असेल?

"मी केलं," राणी म्हणाली. "मी म्हातारीचं मांडलेलं पान उचललं."

 कोळिणीनं होडीचा दोर सोडला. म्हणाली, रडायला वेळ नाही, बस. पलीकडच्या बेटावर खोपटात एक म्हातारी राहायला आली आहे, तीच असेल.

होडी बेटाला लागली. म्हातारी खोपटाच्या दारात बसून केस विंचरत होती. राणीनं तिचे पाय धरले. म्हातारी म्हणाली, तुला कोवळी हवी, भरलेली हवी, मी तेवढी नको. मग भरलेलं रितं कोण करील? पिकलेलं देठातून कोण सोडवील? सांग, मला का भ्यालीस?

राणीनं पदर मागं केला. तिच्या भांगाशी पांढरी बट होती. रोज ती फुलांखाली झाकत असे.

"आरशात तुम्हीच दिसू लागला होता, आजी. म्हणून भ्याले."

म्हातारी हसली. बोळकं उघडून, खांदे हलवून हसली. राणीच्या खांद्यावर हात टाकून उठली, म्हणाली, चल, उशीर नको.

तिनं होडीत पाय ठेवला, आणि पाणी उतरू लागलं. होडीला ओढ लागली. कोळीण ओरडली, ओहोटी लागली, ओहोटी! खडक वर आले, चिखल उघडा पडला, बाया टोपल्या घेऊन धावल्या. गवळवाड्याशी आल्या तर गाय विऊन वासराला चाटत होती. आंबराईत आल्या तर मोहोराचा पाऊस पडत होता, आणि देठादेठाला मोहरीएवढी कैरी. माळीण मागं, गवळण मागं, सगळा गाव मागं. पुढं म्हातारी, आणि तिची काठी कुणाच्या पायांना गाठवेना.

म्हातारी सावळीच्या उशाशी गेली. पोटावर हात ठेवला. सावळीला कळ आली. दुसरी आली. तिसरीला तिनं आईचा हात दाबून धरला. बाहेर दिवेलागण झाली, पण चंद्र आला नाही. लोक धाब्यांवर चढले, झाडांवर चढले, डोंगराकडे बघत राहिले. मग तो उशिरानं वर आला, आणि एका कडेनं खुडलेला होता. नगरात एकच आरोळी उठली. त्या आरोळीतच आतून ट्यांहा ऐकू आला. मुलगी झाली होती.

राणीनं नात मांडीवर घेतली, मऊ भात कालवला आणि म्हातारीला आपल्या हातानं भरवला. म्हातारी जेवली, तिनं तिघींना आशीर्वाद दिला. पुढं कुणी तिला जाताना पाहिलं नाही.

चंद्र रोज झिजत गेला. अमावास्येला आभाळ कोरं झालं. राणीनं अंगणात दिवा लावला आणि मोकळ्या आभाळाला हात जोडले. मग एका संध्याकाळी सूर्य बुडाला त्या जागी नखाएवढी कोर दिसली. राणीनं नातीला उंच धरलं. सगळं नगर खाडीकाठी उभं होतं, जो तो दुसऱ्याला बोट करून दाखवत होता.

जशी चांदणमाई हंसावळीवर रागावली, तशी तुम्हांआम्हांवर न रागावो. जशी सावळी सुखरूप सुटली, तशा घरोघरच्या लेकीसुना सुटोत. साठ बोलांची ही कहाणी, पाच बोलांत सांगितली, फळाला आली, पुरी झाली.