रिकाम्या होडीची शर्यत

एका तळ्याकाठच्या गावात एक तांबटीण राहायची. हात सोन्याचे, पण जीभ लवंगी मिरचीची. तिने घडवलेली घागर कधी गळली नाही आणि मनात आलेला शब्द तिच्या ओठांत कधी अडला नाही. लोक तिच्याकडून भांडी घेत आणि चार हात लांब राहत.

गावाला बाजारासाठी तळं ओलांडून पलीकडे जावं लागे. त्यासाठी एक मोठी नाव होती. दोन गडी नावेत बसून लोखंडी दांडा फिरवत, की मागे पाण्याखाली पितळी पंखा फिरे आणि नाव पुढे सरके. एका वर्षी तो पंखा दगडाला लागून फुटला.

नवा पंखा निवडायची गावाची रीत ठरलेली होती. कारागिराने आधी छोटा पंखा घडवून हातभर लांबीच्या होडीला लावायचा. होडीच्या पोटातल्या दोरीला पीळ भरून ती काठावरून सोडायची. पीळ सुटत जाई, पंखा फिरे, होडी पळे. ज्याची होडी समोरची खुंटी आधी गाठेल, त्याचा पंखा मोठा करून नावेला बसवायचा. ही रीत बरोबर आहे का, असं कुणी कधी विचारलं नव्हतं. वाडवडिलांनी केलं म्हटलं की आपले लोक डोकं खुंटीला टांगतात, त्याला काय करणार!

वरच्या आळीतल्या तांबटाने लांब, अरुंद आणि खूप तिरक्या अशा दोनच पात्यांचा पंखा केला. तांबटिणीने तीन पाती केली, आखूड, रुंद आणि बेताची तिरकी. होड्या सुटल्या. तांबटाची होडी बाणासारखी खुंटीला जाऊन भिडली. तांबटिणीची मागून डुलत डुलत आली. काठावर टाळ्यांचा पाऊस पडला. टाळ्या वाजवायला अक्कल लागत नाही, दोन हात असले की पुरे.

तांबटिणीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"थांबा! आपली नाव काय रिकामी जाते? होड्यांत दगड भरा. मधे एक काठी रोवा आणि तिला वळसा घालायला लावा!"

पाटील मिशीवर हात फिरवत हसले. "बाई, हरल्यावर सगळ्यांनाच नवे नियम सुचतात."

"अहो पाटील, तळ्यात मधोमध काळा खडक आहे. त्याला वळसा घातल्याशिवाय पलीकडे जाता येतं का? इतकं तिरकं पातं रिकाम्या होडीला पळवतं. ओझं भरलं की ते फिरवता फिरवत नाही, नुसतं पाणी घुसळतं. पंख्याने मागे पाणी फेकलं नाही तर सुकाणू काय कामाचं? नाव काय तुमच्या मिशांना भिऊन वळणार?"

लोक खो खो हसले. पाटलांचा चेहरा मात्र उतरला. वरच्या आळीचा तांबट म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

"मग बसा त्या नावेत! आणि खडकावर आपटलात की मला हाक मारू नका. मी येणार नाही!" असं म्हणून ती तरातरा घरी निघून गेली. ती बोलली त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. पण खरं बोलणाऱ्याचा राग आणि हरलेल्याचा राग बाहेरून सारखाच दिसतो, आणि फरक बघायची तसदी कुणी घेतली नाही.

पुढच्या बाजाराला नव्या पंख्याची नाव गच्च भरली. मडकी, गाठोडी, पोरंबाळं, पुढे ऐटीत पाटील. तांबटिणीची सासूसुद्धा कोंबड्यांचं डालगं घेऊन निघाली.

"सासूबाई, तुम्ही नका जाऊ."

"अगं, सगळं गाव चाललंय. तुझ्या रागापायी मी कोंबड्या घरात ठेवू होय?"

नाव निघाली. दांडा फिरवता फिरवता गड्यांचे दंड भरून आले. पंखा बुडबुडे काढत राहिला, नाव गोगलगाईसारखी सरकत राहिली. खडक जवळ आला तसा आडवा वारा सुटला. नावाड्याने सुकाणू पूर्ण दाबलं. नाव वळली नाही. ती आडवी वाहत गेली आणि खडकावर आदळून फुटली. माणसं कशीबशी त्या शेवाळलेल्या खडकावर चढली आणि एकमेकांना धरून ओरडू लागली.

तांबटिणीने हातोडी खाली ठेवली. येणार नाही, असं ती साऱ्या गावासमोर बोलली होती. संताप इतका होता की कानशिलं तडतडत होती. पण पाय घाटाकडेच धावले. तिने कोळ्याची लहान डोणी ओढली, वल्हं मारत खडक गाठला आणि चार चार माणसं आणू लागली. प्रत्येकाला शिव्या देत देत आणलं, पण सोडलं कुणालाच नाही.

"आधी माझ्या कोंबड्या घे गं!" सासू ओरडली.

"आधी तुम्ही बसा! कोंबड्यांना पंख आहेत, तुम्हाला नाहीत!"

शेवटच्या खेपेला पाटील आले. ओल्या मिशा खाली लोंबत होत्या. ते हात जोडून म्हणाले, "चुकलो, बाई. आता तुझाच पंखा लावू. नाव दुरुस्त झाली की लगेच."

आता ही शांत होईल, असं सगळ्यांना वाटलं. ती उलट जास्तच भडकली.

"लगेच? परवा त्याच्यासाठी टाळ्या, आज माझ्यासाठी! माझा पंखा ओझ्याखाली चालतो हे पाहिलंय कुणी? मी तरी कुठे पाहिलंय?"

पोरं दगड गोळा करायला पळाली.

मग होडीत दगड भरले, तिचं सुकाणू वळणापुरतं तिरकं बांधलं आणि पाण्यात काठी रोवली. तांबटिणीची होडी काठीला झोकात वळली, पण परतताना अर्ध्या वाटेत पीळ संपून थांबली.

"वळली ना! पुरे की!" पाटील म्हणाले.

"पाती फार रुंद झालीत. नावेत असं झालं तर गडी मधेच दमून पडतील!" ती स्वतःवरच चरफडली आणि कानस घेऊन बसली.

वरच्या आळीचा तांबट मान खाली घालून जवळ आला. "पाती अजून थोडी तिरकी कर, रुंदी कमी केलीस की चालेल."

तिने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. पण पातं मात्र त्याने सांगितलं तसंच वाकवलं. होडी पुन्हा सोडली. दगडांसकट ती काठीला वळली आणि काठाला येऊन लागली.

"झालं एकदाचं!" पाटलांनी सुस्कारा सोडला.

"झालं कुठं?" तांबटीण गरजली. "आज वारा पडलाय. उद्या वारा सुटला की पुन्हा सोडायची."

तात्पर्य: वस्तू ज्या कामाला घ्यायची, त्याच कामाला जुंपून तिची परीक्षा घ्यावी, आणि ती वस्तू आपली असेल, तर जास्तच कडक घ्यावी.