टिचकूला कणी मिळेना

एक होतं कोंबडीचं पिलू. नाव टिचकू. अंग लिंबाएवढं, आवाज अंगणभर.

रोज सकाळी सुपातून तांदळाच्या कण्या सांडायच्या. टिचकू त्या टिपायचं. टिप टिप टिप!

आज पाहतं तर काय? एकसुद्धा कणी नाही. पोट म्हणालं, गुर्रर्र.

टिचकू निघालं. तुरुतुरु तुरुतुरु.

"सूपताई, सूपताई, पाखड ना! मला कणी मिळेना!"

सूप म्हणालं, "काय पाखडू? वारा? आधी मुसळाला कांडू दे. मग मी पाखडीन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"मुसळदादा, मुसळदादा, कांड ना! सूप पाखडेना, मला कणी मिळेना!"

मुसळ म्हणालं, "मी आपणहून हललो तर लोक भूत म्हणतील. आधी काकूला उठू दे. मग मी कांडीन."

तुरुतुरु तुरुतुरु.

सगुणाकाकू घोंगडीत होती. ऊन दारात आलं होतं.

"काकू, काकू, ऊठ ना! मुसळ कांडेना, सूप पाखडेना, मला कणी मिळेना!"

काकू डोळे मिटूनच म्हणाली, "कोंबडा आरवल्याशिवाय मी जन्मात उठले नाही. आधी त्याला आरवू दे. मग मी उठीन."

आणि कूस बदलली. घुर्र घुर्र.

तुरुतुरु तुरुतुरु.

कोंबडेआजोबा टोपलीखाली बसले होते. भिंतीकडे तोंड करून.

"आजोबा, आजोबा, आरवा ना! काकू उठेना, मुसळ कांडेना, सूप पाखडेना, मला कणी मिळेना!"

"माझं आरवणं बंद," आजोबा म्हणाले.

"कधीपर्यंत?"

"कायमचं."

टिचकू आईकडे गेलं. तुरुतुरु तुरुतुरु.

"आई, आई, सांग ना! कोंबडा आरवेना, काकू उठेना, मुसळ कांडेना, सूप पाखडेना, मला कणी मिळेना!"

आई माती उकरत होती. खर्र खर्र.

"काल आजोबांची बांग ऐकून कोण हसलं?"

"सगळेच हसले."

"आधी कोण?"

टिचकूनं चोच पंखात खुपसली.

"काय म्हणालं ते?"

"म्हणालं... फुटका डबा वाजतोय."

"तेव्हापासून आजोबा टोपलीखाली आहेत," आई म्हणाली.

 

टिचकू परत निघालं. तुरुतुरु नाही. हळू... हळू.

"आजोबा, माझं चुकलं."

"आवाज फुटका आहे ना माझा?"

"आहे थोडासा. पण गाव त्यानंच उठतं. माझ्या पिंव पिंवनं माशीसुद्धा उठत नाही."

टोपलीखालून मान बाहेर आली. "गाव उठतं म्हणतंस?"

"काकूलाच विचारा. दुसऱ्या कुणासाठी ती जन्मात उठली नाही."

आजोबा कुंपणावर चढले. कुकूच... आवाज मध्येच फाटला.

कुणी हसलं नाही.

"वा, आजोबा! आणखी एकदा!"

कुकूच कूऽऽ!

कोंबडा आरवला, काकू उठली, मुसळ कांडू लागलं, सूप पाखडू लागलं, टिचकूला कणी मिळाली!

धप धप धप! फट फट फट! टिप टिप टिप!

पण एक झालं. आजोबा पूर्वी आभाळाकडे बघून आरवायचे. आता ते आधी खाली बघतात. टिचकूकडे.

टिचकूच्या डोळ्यांवर झोप असते. तरी ते मान वर करतं. म्हणतं, "आरवा, आजोबा! छान आरवता!"

मग आजोबा आरवतात.

सगळं गाव कोंबडा आरवल्यावर उठतं. टिचकूला मात्र कोंबड्याच्या आधी उठावं लागतं.